प्रश्नावली वाटण्याआधी

‘मानसशास्त्रात प्रकल्प करायचाय, प्रश्नावली कुठली घेऊ?’ असं मला सतत विचारलं जातं. विचारणारे बहुतेक विद्यार्थी असतात, अधूनमधून एखादे शिक्षक किंवा समुपदेशकही. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतोच : संशोधनाचे टप्पे कोणते? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. टप्प्यांची नावं पाठ्यपुस्तकात मिळतील. पण प्रश्नावली हातात घेण्याआधी जे ठरवायचं असतं, त्यावरच सगळा अभ्यास उभा राहतो. नेमका तोच भाग घाईत उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

एक जुना अभ्यास घेऊ. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी तो पाहिला आणि कुणीच काही केलं नाही, अशी बातमी छापून आली. (ती बरीच फुगवलेली होती, हे पुढे उघड झालं.) शहरातली माणसं दगड झालीत, असं तेव्हा जो तो म्हणत होता. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी मात्र प्रश्नच बदलला. माणसं दगड का होतात, हे कशानं मोजणार? त्यांनी विचारलं : मदत करू शकणारे आणखी लोक आहेत हे ठाऊक असेल, तर माणूस मदतीला कमी धावतो का? जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते आणि म्हणून कुणीच पुढे होत नाही, असा त्यांचा तर्क होता. प्रश्न, त्यामागचा तर्क आणि त्यातून निघणारं गृहीतक (म्हणजे तपासून बघायचा अंदाज), एवढं झालं की माझ्या मते निम्मं काम झालं.

मग ‘मदत’ म्हणजे काय, हे ठरवावं लागतं. याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते इथेच. डार्ली-लाटाने यांनी प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या खोलीत बसवून इंटरकॉमवर गटचर्चा करायला सांगितलं. बाकीचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेले होते. त्यातला एक आवाज बोलता बोलता अडखळू लागतो, फिट आल्याचं सांगतो, मदत मागतो. विद्यार्थी खोलीतून उठून बाहेर येतो का, आणि किती सेकंदांत? मोजायचं ते एवढंच. बदललं काय, तर आणखी किती जण ऐकताहेत याबद्दलची त्याची समजूत. बाकी सगळं तेच ठेवलं.

फिट संपायच्या आत, ऐकणारा आपण एकटाच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. आणि जे उठले नाहीत ते निवांतही नव्हते. कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता. त्यांना निर्दय म्हणणं चुकीचं ठरलं असतं. नुसती प्रश्नावली वाटून ‘तुम्ही मदत कराल का?’ विचारलं असतं, तर यातलं काय हाती लागलं असतं?

या मुलांना अंधारात ठेवलं होतं, म्हणून प्रयोग संपताच त्यांना खरं काय ते सांगण्यात आलं. आज असा अभ्यास आधी नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. संमतीपत्र, माहितीची गुप्तता, मध्येच सोडून जाण्याची मुभा हे सगळं माहिती गोळा करण्याआधी ठरतं. नमुना, म्हणजे अभ्यासात घ्यायची माणसं, किती आणि कुठली, हेही तेव्हाच. आपल्याच वर्गातल्या मुलांकडून फॉर्म भरून घेतले असतील, तर निष्कर्षात ‘आजची तरुणाई’ लिहू नका. तयार चाचणी वापरणार असाल, तर ती कुठल्या वयाच्या आणि कुठली भाषा बोलणाऱ्या लोकांवर वापरून प्रमाणित झाली आहे ते बघा. चारपाच जणांवर आधी पायलट, म्हणजे छोटी रंगीत तालीम, घ्या. कुठला प्रश्न कळत नाही, ते तेव्हाच समजतं.

विश्लेषणाबद्दल थोडंच सांगते, कारण सॉफ्टवेअर शिकता येतं. पण आकड्यांना कुठली सांख्यिकी चाचणी लावणार आणि कुणाची उत्तरं वगळणार, हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवा. आकडे बघून गृहीतक रचलं की ते सिद्ध होणारच. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा, होता. पुन्हा केल्यावर तसा तो ३६ टक्क्यांतच आला. त्याला कारणं अनेक आहेत, नमुने लहान असणं हे त्यातलं एक. पण तेव्हापासून अभ्यासाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याचा आग्रह वाढला, आणि मला तो शंभर टक्के पटतो.

‘गृहीतक खोटं ठरलं तर मार्क जातील का?’ हेही विचारता तुम्ही. माझ्याकडे तरी जात नाहीत. अपेक्षा काय होती, सापडलं काय आणि नमुन्याच्या कुठल्या मर्यादेत सापडलं, हे आहे तसं अहवालात लिहा. दुसऱ्या कुणाला तोच अभ्यास पुन्हा करता येईल इतक्या तपशिलानं पद्धती लिहा. आणि कुठली प्रश्नावली घ्यायची, हे विचारायला याल तेव्हा प्रश्न एका वाक्यात लिहून आणा. प्रश्नावली आपण त्यानंतर बघू.