आईची पैठणी आणि पश्चिमेची भिंत

गेल्या श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला नेसायची म्हणून आईची पैठणी काढली, तर घडीवर राखाडी ठिपके. येवल्याहून आणलेली, तिच्या लग्नातली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी कपाटापुढेच खाली बसले.

नाशिकची हवा कोरडी, असं आम्ही मुंबईच्या नातेवाइकांना नेहमी सांगतो. पण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं किती पाणी लागलं ते बघायला गर्दी होते, त्या दिवसांत इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं.

कपाट सरकवलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी. पश्चिमेची भिंत, पावसाचा सगळा मारा तिच्यावर. आदल्या वर्षी तिथेच पुट्टी भरून रंग मारून घेतला होता. बुरशीवर रंग चढवला की ती त्याखाली तशीच राहते आणि पोपडे धरून वर येते. या वेळी माझा संशय वरच्या काकूंच्या बाथरूमवर गेला. त्यांना तसं बोललेही.

भाचा सिव्हिल इंजिनिअर. तो म्हणाला, "मावशी, आधी ओल कुठून येते ते बघ." भिंत पुसून कोरडी करायची, फूटभर प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवायचं आणि दोन दिवस थांबायचं. भिंतीकडून थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडून धरले तर घरातल्या हवेतून. आमच्याकडे थेंब खोलीकडून होते. खाली भिंत ठणठणीत कोरडी.

काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा टाकला, विषय संपवला.

मग हवेत एवढं पाणी येतं कुठून? पावसाळाभर आम्ही बेडरूममध्ये दोरी बांधून, खिडक्या लावून कपडे वाळवत होतो. एक दिवस धुतलेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवली आणि वाळल्यावर तेच कपडे पुन्हा तोलले. पावणेदोन किलोंचा फरक! म्हणजे पावणेदोन लिटर पाणी रोज त्या खोलीत सुटत होतं आणि पावसानं गार पडलेल्या भिंतीवर, कपाटामागे वारा पोचत नाही तिथे, जाऊन बसत होतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, तर आकडा 84 टक्के. तो 60 च्या खाली राहिला तर बुरशीला वाढायला फारसं जमत नाही.

आता दोरी बाल्कनीत आहे. कपाट भिंतीपासून चार इंच पुढे. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडते. भिंत साबणाच्या पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसली, तोंडाला मास्क लावून. कोरडं खरवडलं तर बुरशीचे कण घरभर उडतात. कुणी ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाटाची फुगलेली पाठ मात्र काढून टाकावी लागली.

पैठणी सावलीत वाऱ्यावर टाकली, मऊ ब्रशनं झटकली. आता ती प्लास्टिकऐवजी सुती पंच्यात असते आणि दर दोन महिन्यांनी घडी बदलते. पदरावरच्या मोराजवळ एक फिकट डाग राहिलाय. घडी घालताना तो वरच्या बाजूला ठेवते, म्हणजे वाढतोय का ते दिसतं.