साकोली ते पुरी आणि परत : सर्फबोर्ड गाडीवर आणि कवेलूच्या घरात

छत्तीसगडमधल्या सराईपालीच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवून बाहेर आलो आणि गाडीला हात लावला तर चटका बसला. गेल्या वर्षीचा एप्रिल, दुसरा आठवडा, दुपारचे दीड वाजलेले. छतावर दोन सर्फबोर्ड उलटे, म्हणजे पोट वर करून बांधलेले. पाय घसरू नये म्हणून त्यांच्या पाठीला लावलेलं मेण वितळून समोरच्या काचेवर ओघळलं होतं. मोठ्या बोर्डच्या पोटावर, शेपटीपासून हातभर अंतरावर, फायबरचा पापुद्रा तव्यावरच्या पोळीसारखा फुगला होता. अंगठ्याने दाबला की आत जायचा, सोडला की वर यायचा.

त्या फुग्यामुळे हे सगळं लिहितोय. सर्फबोर्डचे रॅक कसे निवडावेत यावर वाचायला भरपूर मिळतं, पण ते समुद्राकाठच्या माणसांनी समुद्राकाठच्या माणसांसाठी लिहिलेलं असतं. त्यांना रॅक हवा असतो तो घरापासून किनाऱ्यापर्यंत, अर्ध्या तासासाठी. आपल्याकडून पुरी ८०० किलोमीटरच्या वर आहे. वाटेत छत्तीसगडचं ऊन आहे, आणि परत आल्यावर बोर्ड उरलेलं वर्ष भंडारा जिल्ह्यातल्या घरात काढणार असतो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा मुलखात रॅक किती मजबूत आहे हे दुसऱ्या नंबरवर येतं. बोर्डला सावली मिळते का, वारा लागतो का आणि त्याच्या कडा दबतात का, हे आधी बघायचं.

आम्ही तिघं. मी, माझा मावसभाऊ आणि शेजारच्या गावचा एक मित्र. जगन्नाथाच्या दर्शनाला आईला घेऊन गेलो होतो तेव्हा पुरीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा बोर्डवर पालथा झोपलो, तेव्हापासून दरवर्षी जाणं होतं. आधी तिथेच भाड्याने बोर्ड घ्यायचो. नवख्यांना माझा आजही तोच सल्ला आहे: वर्षातून एकदाच जाणार असाल तर बोर्ड विकत घेऊ नका, वाहून नेऊ नका. आम्ही घेतले, कारण गावच्या तलावात वल्हवायचा सराव करायचा होता. एक ९ फुटी लाँगबोर्ड, साधारण २३ इंच रुंद, आतून थर्माकोलच्या जातीचा फोम आणि वरून फायबर. दुसरा ६ फुटी, हलका, एका हाताने उचलता येणारा.

रस्ता सरळ आहे. साकोलीहून देवरी, बागनदी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, सराईपाली, बरगढ, संबलपूर. तिथून अंगुलवरून कटक, भुवनेश्वर आणि पुरी. आम्ही संबलपूरला मुक्काम करतो. एका दमात जायच्या भानगडीत पडू नका, कारण गाडी ८० च्या वर न्यायची नाही हे छतावर बोर्ड चढवलं त्याच क्षणी ठरलेलं असतं. समोरून ट्रक गेला की हवेचा जो धक्का बसतो तो पट्ट्यांवर येतो. स्टिअरिंगवरही जाणवतो.

आता पहिल्या वर्षी काय चुकलं ते. गाडी मावसभावाची जुनी बोलेरो. तिच्या छताच्या कडेला पन्हाळी आहे, त्यामुळे चिमटे लावून लोखंडी कॅरिअर बसतं. घरी सामानाचं कॅरिअर होतंच, धानाची पोती वाहिलेलं. त्यावर जुनं पोतं अंथरलं, बोर्ड ठेवले आणि नायलॉनच्या दोरीने आवळले. रायपूरच्या आधीच दोरी सैल झाली. एका ट्रकवाल्याने मदतीला म्हणून खटक्याचा पट्टा दिला, माल बांधायचा, ज्याचा दांडा मागेपुढे केला की तो आवळत जातो. त्याने आम्ही आवळलं. माणूस भला होता, पट्टाही चांगला होता, पण तो लोखंड आणि लाकूड बांधायचा. संबलपूरला सोडून पाहिलं तर लाँगबोर्डच्या दोन्ही कडांना अंगठा बसेल एवढे खळगे पडले होते आणि एका खळग्यात केसासारखी बारीक चीर होती. अशा चिरेतून खारं पाणी आत शिरतं, फोम ते पितो आणि बोर्ड जड होत जातो. पुरीला पोचल्यावर पहिला दिवस ती चीर रेझिन लावून बुजवण्यात आणि वाळवण्यात गेला.

म्हणून पट्टा घ्यायचा तो साध्या दातेरी बकलचा, इंचभर रुंद, चार-पाच मीटर लांब. तो हाताने ओढून जेवढा बसतो तेवढाच बसतो, त्यापुढे आवळताच येत नाही, आणि बोर्डला तेवढंच हवं असतं. बकल धातूचं असेल तर त्याखाली रबराचा किंवा कापडाचा तुकडा हवाच. पट्ट्याला मधे एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात असा भुणभुणतो की गाडीत बोलता येत नाही, एका पिळाने तो गप्प बसतो.

या फेब्रुवारीत गेलो ते नव्या तयारीने. वेल्डरकडून दोन आडव्या दांड्या करून घेतल्या, चौकोनी पाइपच्या, जुन्या कॅरिअरचेच चिमटे वापरून. दांड्यांमध्ये अंतर किती ठेवायचं यावर आम्ही बरंच डोकं लावलं. ९ फुटी बोर्डसाठी तीन फूट ठेवलं, बोर्डच्या लांबीचा तिसरा हिस्सा. दांड्या जवळजवळ असल्या की बोर्डची दोन्ही टोकं वाऱ्यात हलत राहतात. दांड्यांवर चढवला एसीच्या तांब्याच्या नळीवर असतो तो काळा, पोकळ फोम. तो कोणत्याही फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात मीटरवर मिळतो. उभा चिरायचा, दांडीवर बसवायचा, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या. सर्फिंगच्या दुकानात तयार गाद्या मिळतात, चांगल्या असतात, पण हा फोम झिजला तर देवरीतही बदलता येतो.

कॅरिअर नसलेल्या छोट्या गाडीसाठी मऊ रॅक मिळतात: दोन लांब गाद्या आणि दारांतून आत फिरवायचे पट्टे. मित्राच्या गाडीवर आम्ही ते लावून गावापासून साकोलीपर्यंत गेलोय. जवळच्या पल्ल्याला, ६ फुटी बोर्डला ते पुरतात. पण पावसात पट्ट्यावरून पाणी थेट गाडीत ठिबकतं, आणि लाँगबोर्ड घेऊन ८०० किलोमीटर मी त्यांच्या भरवशावर जाणार नाही. रॅक कोणताही घ्या, गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत छतावर किती किलो चालतात ते एकदा वाचा. बोर्डचं वजन किरकोळ असतं, पण दांड्या आणि बॅग मिळून बेरीज होते. टपावर ताडपत्री बोर्डबरोबर बांधू नका. ती फुगते आणि सगळंच उचलू पाहते.

चढवायची पद्धत सांगतो. फिन म्हणजे खालचे पंख, ते निघत असतील तर काढून डिक्कीत टाका. बोर्ड पाठीवर झोपवा, पोट वर, शेपटी गाडीच्या तोंडाकडे. अशाने नाकाचं वळण मागे आणि खाली जातं, त्यामुळे वारा बोर्डला उचलण्याऐवजी दाबतो. पंख पक्के बसवलेले असतील तर याच मांडणीत ते पुढे आणि वर येतात, म्हणजे बोर्ड मागे सरकलाच तर पट्ट्याला अडतात. दोन बोर्ड असतील तर मोठा खाली, लहान वर, मधे जुना टॉवेल. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा. आम्ही देवरीला चहाच्या निमित्ताने तपासतो, आणि दरवेळी एखादा बोटभर सैल निघतोच.

आता उन्हाबद्दल. मागच्या वर्षीचा तो फुगा का आला हे नंतर समजलं. फोममधली हवा तापून फुगते, रेझिन उन्हात मऊ पडतं, आणि फायबरची कातडी फोमपासून सुटते. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत तर हे आणखी लवकर होतं, कारण आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. बोर्ड आत राहिला म्हणून सुरक्षित, असं मुळीच नाही. यंदा आम्ही चंदेरी बाजू असलेली बॅग घेतली, चंदेरी बाजू वर. बॅगेची चेन टोकाला चार बोटं उघडी ठेवली. पुरीहून निघायच्या आदल्या संध्याकाळी मेण जुन्या प्लास्टिक कार्डाने पूर्ण खरवडून काढलं. मेण पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं, उष्ण पाण्याचं सगळ्यात कडक असतं, पण आपल्या रस्त्यावरच्या उन्हापुढे तेही टिकत नाही. आणि निघालो पहाटे चारला. दुपारी बारा ते चार गाडी झाडाखाली. वाटेत जेवायला थांबताना ढाब्याची चव नंतर बघायची, आधी सावली. बरगढच्या पुढे एका मोठ्या वडाखाली आम्ही तीन तास काढले आणि संध्याकाळी बोर्डला हात लावला तर कोमट होता.

पुरीबद्दल थोडक्यात. थंडीत लाटा लहान, शिकणाऱ्यांना बऱ्या. उन्हाळा लागला की दक्षिणेकडून जोर वाढतो. तिथला उतार किनाऱ्याजवळच खोल होतो आणि लाट अंगावर फुटते, तेव्हा गर्दीच्या भागात बोर्ड घेऊन उतरू नका. वेताच्या निमुळत्या टोप्या घातलेले नोलिया तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं वाचवतात. ते नाही म्हणाले की नाही. शेवटच्या दिवशी बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत वाळवूनच बॅगेत घाला.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. गावात गाडी शिरली तेव्हा ढिवर मोहल्ल्यातले, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतले, एक आजोबा उठून जवळ आले, बोर्डवरून हात फिरवून म्हणाले, "काय होय जी हे? डोंगा आनला का?" मी म्हटलं, डोंग्याचाच भाऊ आहे. त्यांनी उलटा करून तळ पाहिला, कड बोटाने दाबली आणि सांगितलं, "टिनाखाली नोको ठेवजो बापा. तडकन्‌ जाइन." त्यांना फोम आणि रेझिन माहीत नव्हतं, पण लाकडाचे डोंगे, म्हणजे होड्या, उन्हात कसे तडकतात हे ते आयुष्यभर बघत आले होते.

मागच्या वर्षी मी बोर्ड टिनाच्या खोलीतच ठेवला होता, खतांच्या पोत्यांशेजारी. मे महिन्यात तिथे उभं राहवत नाही. आता जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात ठेवतो. मातीची भिंत, वर कवेलू, मधून हवा खेळते. पण मातीच्या भिंतीत खुंटीचा रॅक धरत नाही. चार इंची स्क्रू ठोकले तरी महिन्याभरात माती सुटते आणि सगळं खाली येतं. मयालीला, म्हणजे छताखालच्या आडव्या लाकडाला, टांगायचा विचार केला होता, तोही सोडला. गरम हवा वरच साचते, आणि कवेलूवरून माकडं गेली की खाली फुटके तुकडे पडतात.

म्हणून जमिनीवर उभा राहणारा बांबूचा घोडा करवून घेतला. गावच्या बुरडाने केला. त्याने आधी विचारलं, बांबू भिजवलेला आहे का. ताजा बांबू तसाच वापरला तर त्याला घुण लागतो आणि सहा महिन्यांत खाली पिठासारखा भुगा दिसू लागतो. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यात तो काही आठवडे बुडवून ठेवला की आतला सत्त्वांश निघून जातो आणि किडे फिरकत नाहीत. आम्ही तसंच केलं. आडव्या दोन भुजा छातीच्या उंचीवर, टोकं थोडी वर उचललेली, म्हणजे बोर्ड घसरून पुढे येत नाही. बांबूची पेरं विळ्याने तासून घेतली, वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. बोर्ड त्यावर कडेवर उभा ठेवतो, दोन्ही भुजा टोकांपासून साधारण पाव लांबीवर. एकावर एक रचू नका, खालच्याची पाठ दबते. शेपटीवर उभा करायचाच झाला तर खाली तणसाची चुंबळ तरी द्या.

घोड्याचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांमध्ये ठेवतो, मुंग्या आणि उधळी (वाळवी) चढू नये म्हणून. उंदरांसाठी खोलीत धान ठेवणं बंद केलं, दुसरा उपाय सापडला नाही. आणि एक गोष्ट मी कुठे वाचली नव्हती. पावसाळ्यात बोर्ड बाहेर काढला तर पंख बसवायच्या तिन्ही खाचा मातीने लिंपलेल्या. कुंभारीण माशीने घरटी केली होती, इतकी सफाईदार की वरून बोर्डचाच भाग वाटावा. टोकेरी काडीने हळूहळू उकरली तेव्हा आतून वाळलेले कोळी निघाले. घाईत स्क्रूड्रायव्हर घातला असता तर खाच फुटली असती. आता खाचांत आणि दोरी अडकवायच्या भोकात कापसाचे बोळे घालून ठेवतो.

तलावात उतरायचं असेल तर आधी मच्छीमार सोसायटीला विचारा. आपले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव बहुधा सोसायट्यांकडे असतात, आणि शिंगाड्याच्या वेलांतून बोर्ड नेला तर कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईवरून जाल. अभयारण्यातल्या पाण्यात परवानगीशिवाय पाय घालायचा नाही. आम्हाला सोसायटीने सांडव्याकडचा कोपरा दिलाय, सकाळी जाळी काढून झाल्यावरचा. तिथे लाट नाही, पण पालथं पडून वल्हवायला आणि एका झटक्यात उभं राहायला शिकायला लाट लागतही नाही.

मागच्या वर्षीचा तो फुगा बारीक भोक पाडून, आत रेझिन सोडून, वर वजन ठेवून बसवला. जागा थोडी पिवळट दिसते, पण पाणी घेत नाही. पुढच्या खेपेला मावसभावाची मुलगी येणार म्हणतेय, म्हणून दांड्यांवर तिसऱ्या बोर्डची जागा मोजून ठेवली आहे. ७ फुटी बसेल, कडेला उभा.