तुम्ही विचारलंत म्हणून: मागे झील कोण धरतंय?

आम्ही काही मित्र अधूनमधून कुणाच्या तरी हॉलमध्ये, कधी वाचनालयात पडदा लावून माहितीपट दाखवतो. 'जय भीम कॉम्रेड' संपून दिवे लागले की हमखास कुणीतरी विचारतं, "पिक्चर विलास घोगरेंवर आहे म्हणालात, पण ते तर थोडाच वेळ दिसले. बाकीची एवढी माणसं कशाला?" तीन तासांहून जास्त वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. शाहीर घोगरेंना ते सोसलं नाही, काही दिवसांतच त्यांनी स्वतःला संपवलं. दिग्दर्शक आनंद पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते, त्यांच्याच १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात घोगरे गायले होते. त्यानंतर १४ वर्षं पटवर्धन चित्रीकरण करत राहिले.

आता उत्तर. शाहीर कधी एकटा उभा राहतो का? डफावर थाप त्याची असते, पण ओळ उचलून धरतात ते मागचे झीलकरी. ते गप्प बसले तर पोवाडा तिथेच बसतो. घोगरे एक ओळ टाकून गेले. मग ती शाहीर संभाजी भगतांनी उचलली, पुण्याच्या कबीर कला मंच या कलापथकाच्या शीतल साठेनं उचलली, वस्तीतल्या कितीतरी बायांनी उचलली. त्यांना वगळून फक्त घोगरेंचं चरित्र केलं असतं, तर तो शोकसभेतला फोटो झाला असता.

आणि हे काही आजचं नाही. १९४४ च्या लाल बावटा या कम्युनिस्ट कलापथकात मातंग समाजातले अण्णाभाऊ साठे होते, बार्शीचे मुस्लिम घरातले अमर शेख होते, जोडीला द. ना. गवाणकर. कुणी रकाने आखून माणसं भरली नव्हती. खुद्द घोगरेच कुठल्या रकान्यात बसवाल? आयुष्य डाव्या कलापथकांत गेलं आणि शेवटच्या वेळी डोक्याला निळं कापड बांधलेलं होतं.

दुसरा प्रश्न बहुधा मागच्या रांगेतला एखादा तरुण विचारतो, आणि तो जास्त टोचतो. "पटवर्धन दलित नाहीत. ही गोष्ट त्यांनी का सांगायची?" कॅमेरा कुणाच्या हातात, एडिटिंगला कोण बसलं, कुणाचं रडणं ठेवायचं आणि कुणाचं कापायचं हे कोण ठरवतं, हे विचारलंच पाहिजे. या बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी देणार नाही. पण मी स्वतः एक गोष्ट बघतो: गाणं पुरतं वाजू दिलंय का? टीव्हीवर शाहिराच्या दोन ओळी लागतात, की लगेच कुणी प्राध्यापक येऊन अर्थ सांगायला लागतो. (प्राध्यापक मित्रांनी माफ करावं.) इथे गाणी लांबपर्यंत चालतात आणि अर्थही गाणारेच सांगतात.

शिवाय ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या गर्दीबद्दल नाकं मुरडणारी माणसंही यात आहेत. एवढी माणसं कशाला, असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा हीच खटकलेली असतात. ती नसती तर जात ही फक्त सोसणाऱ्यांच्या घरातली गोष्ट वाटली असती. विविधता म्हणताना आपण नेहमी 'त्यांना' आत घ्यायचं बोलतो, 'आपल्याला' पडद्यावर बघायची तयारी कमी असते.

एकदा एका वस्तीतल्या समाजमंदिरात दाखवत होतो. पुढे जमिनीवर बसलेल्या एक आजी प्रत्येक गाण्याला टाळ्यांचा ठेका धरत होत्या, ओळ संपली की पडद्याच्या आधी झील ओढत होत्या. संपल्यावर मी मुद्दाम जाऊन विचारलं, "आजी, कसा वाटला?"

"बरा हाय," त्या म्हणाल्या, "पण तुमचा आवाज लई बारीक."

पुढच्या वेळी आम्ही मोठे स्पीकर नेले.