पापणीवरचा लाल डाग आणि दीड महिन्याची लस

दीड महिन्याच्या लसीला बाळ येतं तेव्हा त्याच्या वरच्या पापणीवर लाल, किंचित उचललेला डाग असला, की आजी म्हणते, ‘ग्रहणाचा आहे गं, जाईल आपोआप.’ ग्रहणाचं सोडा, पण आपोआप जातो हे बऱ्याच अंशी खरं आहे. रक्तवाहिन्यांची ही गाठ (हिमँजिओमा) कर्करोग नसते आणि काही वर्षांत विरत जाते. अडचण वेगळीच आहे. ही गाठ सर्वांत झपाट्यानं वाढते ती पाचव्या ते सातव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी या लसीच्या सुमारास. पापणी जड होऊन बाहुली झाकली, किंवा गाठीच्या दाबानं डोळ्याला तिरका नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे गाठ गेली तरी डोळा आळशीच राहतो. म्हणून ‘वर्षाचं होऊ दे, मग बघू’ हा सल्ला डोळ्याजवळच्या डागाला चालत नाही. थेंब टाकून, बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचा नंबर आधी बघून घ्यावा.

पूर्वी स्टिरॉइड देत, पापणीत इंजेक्शनही देत. त्यात नेत्रपटलाची रक्तवाहिनी बंद पडण्याचा धोका असे. 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल या औषधानं अशा गाठी मऊ पडून फिकट होतात हे प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं.

प्रोप्रॅनोलॉल पोटात देण्याआधी हृदय आणि छाती तपासतात. सुरुवात साधारणपणे दिवसाला किलोमागे 1 मि.ग्रॅ., मग टप्प्याटप्प्यानं 2, कधी 3 पर्यंत. पहिल्या डोसनंतर आणि डोस वाढवल्यावर एक आणि दोन तासांनी नाडी व रक्तदाब बघतात. फार लहान किंवा कमी दिवसांच्या बाळाला हे दवाखान्यात ठेवूनच. डाग अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेला असेल तर औषधाआधी हृदयाचा इको आणि मेंदूचा एमआरआय हवा.

आता खरी गफलत होते ती मापात. खानापूर, निपाणीकडच्या दुकानांत तयार पातळ औषध मिळेलच असं नाही, म्हणून गोळी कुटून द्यायला सांगतात. 10 मि.ग्रॅ.ची गोळी बारीक करून, उकळून गार केलेल्या 10 मि.लि. पाण्यात हलवली, की 1 मि.लि.मध्ये 1 मि.ग्रॅ. येतं. 5 किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे 2 मि.ग्रॅ. लिहिले असतील तर एकूण 10 मि.ग्रॅ., म्हणजे दोन वेळा 5-5 मि.लि. भुकटी तळाशी बसते, म्हणून हलवून लगेच ओढायचं; उरलेलं फेकून द्यायचं. चमचा नको, बिनसुईची सिरिंज घ्यावी. दुकानदारानं 40 मि.ग्रॅ.ची गोळी दिली आणि पाणी तेवढंच घातलं, तर डोस चौपट होतो. पट्टीवरचा आकडा दरवेळी वाचा.

रिकाम्या पोटी डोस कधीच नाही. या औषधानं रक्तातली साखर उतरते. दीड महिन्याच्या आतलं बाळ चार तासांपेक्षा, त्यापुढे चार महिन्यांपर्यंतचं पाच तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नये. रात्री उठवून पाजावं. लसीच्या तापात बाळ नीट पीत नसेल, तर तो डोस चुकवावा. डोस ओकला तर पुन्हा देऊ नये. अंगाला गार घाम, सुस्ती, पाजायला घेतलं तरी न उठणं, झटका यांपैकी काही दिसलं की गिळता येत असेल तर दूध किंवा साखरपाणी द्या आणि तडक दवाखाना गाठा. नुसते हातपाय गार पडणं, झोप मोडणं हे बऱ्याच बाळांना होतं.

चपट्या, छोट्या डागाला टिमोलॉलचे 0.5 टक्क्याचे थेंब पुरतात, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच, डोळ्यात न टाकता डागावर चोळायचे. डाग फुटला असेल तर तेही नकोत. काजळ तर नकोच.

उपचार किमान सहा महिने, बहुधा वाढदिवसापर्यंत. अर्ध्यावर थांबवलं तर गाठ पुन्हा फुगू शकते. बाळंतपण माहेरी बेळगावात आणि मग सासरी कोल्हापूर किंवा गोव्याला, असं झालं की वजन वाढतं पण डोस तोच राहतो. म्हणून तायी कार्डाच्या (कर्नाटकातल्या आई-बाळाच्या सरकारी कार्डाच्या) मागेच वजन, मि.ग्रॅ. आणि मि.लि. तारखेसह लिहून घ्या. पावसाळ्यात जांबोटीकडे बाळाला सर्दी होऊन छातीत घरघर सुरू झाली, तर प्रोप्रॅनोलॉल थांबवून डॉक्टरांना गाठा, आणि वाफेचं औषध देणाऱ्याला ते चालू होतं हे आधी सांगा. त्यामुळे वाफेचा गुण कमी येऊ शकतो.