पाताळपाणी–कालाकुंड घाट, १:८७ : चढाव बसला, बँकर जोडला

माझ्या रेल्वे प्रतिकृतीतल्या घाटाचा चढाव आता पूर्ण बसला आहे आणि मागे बँकर, म्हणजे चढावावर गाडी मागून ढकलणारे जादा इंजिन, लावून कालाकुंडहून निघालेली सहा डब्यांची गाडी न घसरता, न अडखळता पाताळपाणीच्या फलाटाला लागते. मागच्या नोंदीपर्यंत लाकडी सांगाडा आणि दोन्ही स्थानकांचे रूळ एवढेच झाले होते. या वेळी स्थानके बाजूला ठेवून चढाव, इंजिने आणि त्या दोघांचे जुळवून घेणे यांविषयीच सविस्तर लिहितो.

इंदूरला राहून रेल्वेची प्रतिकृती करायची तर महूपलीकडच्या या घाटाखेरीज दुसरा विषय मला सुचला नसता. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपयांचे कर्ज दिले, त्यातून होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली आणि विंध्याचा कडा चढण्यासाठी पाताळपाणी ते कालाकुंड या साडेनऊ किलोमीटरच्या टप्प्यात १:४० चा, म्हणजे दर चाळीस मीटरला एक मीटर चढणारा, चढाव बांधावा लागला. हल्ली ब्रॉडगेजसाठी सौम्य चढावाचा नवा मार्ग दुसरीकडून आखला असल्यामुळे हा जुना टप्पा हेरिटेज गाडीसाठी शाबूत राहिला आहे, आणि त्या गाडीच्या खिडकीतून काढलेली छायाचित्रेच माझा मुख्य आधार आहेत. लेआउटचा कल्पित काळ मात्र मीटर गेजची (रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या मार्गाची) वायजी वाफेची इंजिने आणि वायडीएम-४ डिझेल इंजिने एकाच यार्डात उभी राहण्याचा धरला आहे.

प्रमाण एचओ-एम, म्हणजे १:८७ आणि दोन रुळांमधले अंतर (गेज) १२ मिलिमीटर. या प्रमाणात साडेनऊ किलोमीटरचे सुमारे १०९ मीटर होतात. माझ्या खोलीच्या दोन भिंती मिळून चढावाला जेमतेम सहा मीटर देतात. साहजिकच काटछाट अटळ होती. बोगदे दोनच ठेवले, पूल तीन ठेवले, आणि पाताळपाणीचा धबधबा तर सरळ वगळला, कारण मूळ उंची सुमारे ३०० फूट, म्हणजे प्रतिकृतीत मीटरभराहून अधिक भरते आणि तो हातभर करून दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. ज्याला मी हात लावू दिला नाही ती गोष्ट म्हणजे सरळ रुळावरचा १:४० चा चढाव. तो १:६० करून बँकर केवळ शोभेसाठी मागे लावावा, असा सल्ला मिळाला होता; पण मग हा घाट कशाचा?

वळणांवर मात्र सवलत द्यावी लागली, आणि तीही रेल्वेच्याच नियमाच्या आधाराने. वळणाचा अवरोध भरून काढण्यासाठी चढाव कमी करण्याची जी पद्धत आहे तीत मीटर गेजला वळणाच्या तीव्रतेच्या दर अंशामागे ०.०३ टक्के सूट धरतात. प्रत्यक्षात मीटर गेजचे सर्वांत तीव्र वळण १६ अंशांचे, म्हणजे १०९ मीटर त्रिज्येचे असते; १:८७ मध्ये ती त्रिज्या सव्वा मीटर होते, आणि तेवढी जागा कोणाच्या घरात असते? माझी किमान त्रिज्या ६० सेंटिमीटर आहे, ती मूळ मापात ५२ मीटर, म्हणजे सुमारे साडेतेहतीस अंशांचे वळण ठरते. नियम जसाच्या तसा लावला तर एक टक्का सूट देऊन चढाव दीड टक्क्यावर आणावा लागेल. प्रतिकृतीच्या हलक्या डब्यांना एवढी सूट लागत नाही असे चाचणीत दिसल्यामुळे वळणांवर दोन टक्के, म्हणजे १:५० ठेवला. सरळ भाग ३.६ मीटर आणि वळणे २.४ मीटर मिळून एकूण चढ १३.८ सेंटिमीटर झाला.

इंजिनांच्या बाबतीत बाजारात तयार काही मिळत नाही. टीटी प्रमाणाचा, म्हणजे १:१२० चा गेजही १२ मिलिमीटरच असतो, हे आपल्या पथ्यावर पडते. वायडीएम-४ साठी टीटीच्या सहा आसांच्या डिझेल इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर थ्रीडी प्रिंट केलेले धड बसवले आहे. मूळ चाकांचा व्यास ९६५ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ११.१ व्हायला हवा. टीटीची चाके त्याहून लहान आहेत, पण बोगीच्या बाजूच्या पट्ट्या खाली वाढवल्यावर ते डोळ्यांत खुपत नाही. वायजीला ही पळवाट चालत नाही, कारण तिची चार जोड्यांची चाके उघडी दिसतात. तिची मोटर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात आहे, आणि त्यामुळे ती दिसायला जितकी दांडगी तितकी ओढायला अशक्त आहे.

हीच अशक्तता घाटात कामी येते. एनएमआरए या अमेरिकेतल्या रेल्वे प्रतिकृतीकारांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस असे धरले, की माझ्या साडेबावीस सेंटिमीटरच्या डब्याला सुमारे १५० ग्रॅम येतात. सहा डब्यांचे ९०० ग्रॅम झाले, तर १:४० वर नुसत्या चढावाचाच ओढा साडेबावीस ग्रॅमचा होतो. चाकांचे घर्षण आणि वळणे वेगळीच. एकटी वायजी पहिल्या वळणाच्या तोंडाशीच जागच्या जागी चाके फिरवू लागते. बँकर लावला की गाडी निघते.

पण दोन इंजिने मध्ये डबे घेऊन चालली की चूक कोणाची हे डबेच सांगतात. पुढचे इंजिन जास्त जोर लावील तर मधले डबे वळणाच्या आतल्या बाजूला ओढले जातात, आणि मागचे जास्त ढकलील तर बाहेर फेकले जातात. दोन्ही इंजिनांत डीसीसी डिकोडर (रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञांनुसार मोटर चालवणारी चकती) असल्यामुळे प्रथम त्याचे सीव्ही, म्हणजे बदलता येणारे क्रमांकित मूल्य, २, ६ आणि ५ वापरून किमान, मध्यम आणि कमाल वेग जुळवले. तरीही वायडीएम-४ पुढे आणि वायजी मागे अशी जोडी चढावावर एकमेकींशी झगडत राहिली, कारण दोन्ही डिकोडर भार वाढला तरी ठरलेला वेग टिकवण्याचा हट्ट धरतात. उपाय असा निघाला की बँकरचे बॅक ईएमएफ नियंत्रण (भारानुसार वेग टिकवणारी सोय) बंद करायचे, त्याचे सीव्ही ३ आणि ४ (वेग हळूहळू वाढवण्याचे व कमी करण्याचे) शून्यावर आणायचे आणि त्याचा वेग पुढच्यापेक्षा किंचित कमी ठेवायचा. आता भार पडला की बँकर आपोआप मंदावतो आणि पुढचे इंजिन ओढील तेवढेच ढकलतो. मीटर गेजला बाजूचे बफर नसून मधोमध एकच बफर असतो, त्यामुळे ढकलताना वळणावर बफर एकमेकांत अडकण्याचा धोका मुळातच नाही. माझ्या कपलिंगांतही जोर मध्यातूनच जातो.

बोगद्यांची तोंडे प्लास्टरमध्ये कोरलेल्या दगडी बांधकामाची आहेत. डब्याच्या दोन बोगींमधले अंतर १६ सेंटिमीटर असल्याने ६० सेंटिमीटरच्या वळणावर डब्याचा मध्यभाग आत पाच मिलिमीटर सरकतो, म्हणून आतली भिंत तेवढीच मागे घेतली. कडे काळ्या पाषाणाचे, आडव्या थरांचे. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या पीओपीवर पातळ काळी शाई आणि वरून विटकरी रंगाचा हात दिला आहे. ऋतू फाल्गुनाचा ठेवला, म्हणजे सागाची पाने झडलेली आणि मधूनच पळस फुललेला. पावसाळ्यातला हिरवा घाट सगळेच करतात.

एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडण्यासाठी नील्स बॉल टोकनचे, म्हणजे परवान्यादाखल गोळा देणाऱ्या यंत्राचे, काम अर्धे झाले आहे. दोन्ही स्थानकांवर एकेक पेटी असून सायकलच्या दुकानातला पोलादी छर्रा नळीत टाकला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो. छर्रा बाहेर काढल्याखेरीज स्थानकातून गाडी सोडणारा स्टार्टर सिग्नल पडत नाही, आणि एका पेटीतून काढला की दुसरी पेटी कुलूपबंद होते. पाताळपाणीला टंट्यामामांचे (आदिवासी क्रांतिकारक टंट्या भील यांचे) छोटे मंदिर बसवले असून त्याच्यासमोर प्रत्येक गाडीला क्षणभर थांबवण्याचा नियम घातला आहे. ब्रेकची चाचणीही त्याच थांब्यात उरकते. कालाकुंडच्या फलाटावर कलाकंद विकणाऱ्याच्या टोपलीत मिलिमीटरभर रुंदीचे द्रोण आहेत, रंगवलेल्या सिगारेटच्या कागदाचे.

पुढचे काम वायजीच्या चाकांचे. मूळ व्यास १२१९ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत १४ मिलिमीटर. ती लेथवर पितळेची करून घ्यायची आणि मग मोटर टेंडरमधून बॉयलरखाली आणायची, असा बेत आहे. तसे झाले तर वायजीची ओढ वाढेल आणि डब्यांची संख्या सातवर नेता येईल. बँकरचे सीव्ही मात्र तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावावे लागतील.