आतलं कोण बघालंय?

बेडरूमचं फर्निचर करायचं म्हणून गेलो, तर दुकानदारानं लॅमिनेटच्या रंगांची जाडजूड पुस्तकं पुढ्यात मांडली. आत कुठला बोर्ड घालणार, असं विचारल्यावर हसून म्हणाला, "आतलं कोण बघालंय ओ मॅडम?"

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. आतलंच बघायची खोड आहे. नव्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या बोर्डाच्या, कपाटाचं दार उघडलं की नाकाला झोंबतं, डोळे चुरचुरतात, ते फॉर्मल्डिहाइड. बायोलॉजीच्या प्रयोगशाळेत बरणीतले बेडूक ज्यात ठेवतात ते फॉर्मलिन म्हणजे हाच वायू पाण्यात विरघळवलेला. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, स्वस्त प्लायवूड यांना धरून ठेवणारा डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. उष्णता आणि ओल मिळाली की त्यातून हा वायू थोडा थोडा सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. घरातल्या हवेसाठी संघटनेनं सांगितलेली मर्यादा घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीवर.

"चार दिवसात वास जातंय," असं सगळेच मिस्त्री सांगतात. वास कमी होतो हे खरं, पण नाकही सरावतं. आणि मग सोलापूरचा मे महिना येतो. पारा ४२-४३ वर, सकाळी दहापासून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बोर्ड सगळ्यात जास्त वायू सोडणार नेमका तेव्हाच घराचा डबा झालेला असतो. एसी लावला की तीच हवा फिरत राहते. कूलरला निदान खिडकी उघडी ठेवावी लागते, त्यामुळे आवाज सोडला तर कूलरबद्दलचं माझं मत हल्ली बरंच सुधारलंय.

बेडरूममध्ये भिंतभर वॉर्डरोब आम्ही केलाच नाही. झोपायच्या खोलीत आपण रोज सात-आठ तास असतो, तिथं कमीत कमी बोर्ड असावा एवढं साधं गणित. एक लोखंडी कपाट आणि सासूबाईंचं सागवानी, पॉलिश उडालेलं. नणंद म्हणाली, जुन्या काळासारखं दिसतंय. दिसू दे.

स्वयंपाकघरात मात्र प्लायवूड लागणारच होतं. तिथं आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मार्कचं घेतलं. ते पाण्यात टिकतं म्हणून विकतात, पण माझं कारण वेगळं होतं. त्यातला डिंक फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असतो, त्याचे बंध ओलीनं सहज तुटत नाहीत आणि वायू फार कमी सुटतो. बोर्डच घ्यायचा असेल तर कमी वायू सोडणाऱ्या ई-१ किंवा ई-० प्रतीचा मागा, आणि ती प्रत बिलावर लिहून मागा. तोंडी "होय की, तेच आहे" याला अर्थ नाही. शिवाय कपाटाची मागची बाजू, शेल्फची खालची बाजू आणि ड्रिलची भोकं उघडी ठेवू देऊ नका, वायू तिथूनच जास्त येतो. कडांना पट्टी लावायला मिस्त्री कुरकुरला, पण लावली.

रंगाचं काम माहेरच्या ओळखीतल्या पेंटरकडे होतं. आमची घासाघीस तेलुगूत चालते, तो मला अक्का म्हणतो, मी त्याला अण्णा. हा अण्णा जुन्या दारांचा ऑइलपेंट पॉलिश पेपरनं कोरडाच घासायला बसला होता. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या पिवळ्या-लाल ऑइलपेंटात शिसं किती असेल याचा नेम नाही, आणि ते लहान मुलांच्या मेंदूवर जातं. धूळ आधी अण्णाच्याच छातीत जाणार होती. मग वॉटर पेपर आणला, पाणी लावून घासलं, खालचं प्लास्टिक गुंडाळून टाकलं. फरशी कापणाऱ्यालाही पाण्याची धार सोडायला लावली. दगडाच्या धुळीतली सिलिका फुप्फुसातून परत निघत नाही.

मागच्या खोलीच्या भिंतींना आधीपासून चुनाच होता, तिथं पुन्हा चुना दिला. कळीचा चुना भिजवून, गाळून, थोडा डिंक, चिमूटभर नीळ. वास नाही, आणि चुना अल्कधर्मी असल्यामुळे बुरशी सहसा धरत नाही. हाताला लागतो, डोळ्यात उडाला तर फार वाईट, तेवढी काळजी घ्यायची. प्लास्टिक पेंटवर चुना बसत नाही, त्यामुळे हॉलमध्ये कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला, पाण्याचा रंग. उरलेला चुना गच्चीवर मारला. खालची शहाबादी फरशी बदलायचा आग्रह सगळ्यांनी केला, मी ऐकलं नाही.

आता राहिलंय ते माहेरचं, अशोक चौकाकडचं. नानांच्या यंत्रमागांच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. आपल्याकडे त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. पत्रा धड असेपर्यंत त्याचे बारीक धागे सिमेंटात बांधलेले असतात. भोक पाडलं, फोडला, कोरड्या झाडूनं खरवडला की ते उडतात, आणि त्यांनी होणारा आजार कित्येक वर्षांनी उठतो. धाकटा भाऊ तिथं ड्रिल मारणार होता, त्याला थांबवलं. बदलायला रंगीत लोखंडी पत्रा स्वस्त, पण उन्हात खाली उभं राहवत नाही, त्याला आतून उष्णता अडवणारं काहीतरी लावावं लागेल आणि ते थर्माकोलसारखं पेटणारं नको. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात, त्यांचा भाव विचारून ठेवलाय. काढताना पाणी मारून अख्खे उतरवायचे असं ठरलंय. बोल्ट सगळे गंजलेत, त्यामुळे काढणारा माणूस पहिल्यांदा हातोडाच उचलणार. त्या दिवशी मी कॉलेजातून रजा टाकून शेडखाली उभी राहणार आहे, तोंडाला बारीक धागे अडवणारा पी-१०० मास्क लावून.