दूध डेअरीची पावती मराठीत छापायची होती – प्रोग्रॅममधून थर्मल प्रिंटर चालवण्याचा माझा अनुभव

कोल्हापूरच्या बाजूला एका गावातल्या दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, काट्यावर दूध मोजलं जातं, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, त्यावरून दर निघतो आणि ५८ एमएम रुंद कागदाच्या थर्मल प्रिंटरवर (उष्णतेनं कागदावर ठिपके उमटवणारा) छोटी पावती निघते. ही पावती कित्येक वर्षं इंग्रजीत होती. ती मराठीत करा अशी मागणी सभासदांकडूनच आली, आणि माझ्या मते अगदी बरोबर मागणी होती. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून, पॉइंट खाली आला की पैसे कापतात, म्हणजे त्या कागदावर त्या माणसाची त्या वेळची कमाई असते आणि ती त्याला दुसऱ्याला न विचारता वाचता आली पाहिजे. एक मावशी मला म्हणाल्या, "बाळा, आकडं कळत्यात रं, पण कुठला आकडा कशाचा त्येच कळत न्हाई." त्यानंतर हे काम मागं ठेवायचं नाही असं ठरवलं.

ज्यांना कोडमधून प्रिंटरला जॉब पाठवायचाय आणि तोही मराठीत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला एका जागी हे सगळं कुठंच मिळालं नाही.

आधी इंग्रजीचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. विंडोजवर प्रोग्रॅममधून छापायचे ढोबळ दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ड्रायव्हरमधून, जसं आपण वर्डमधून छापतो तसं, प्रोग्रॅम पानावर मजकूर काढतो आणि ड्रायव्हर त्याचं प्रिंटरला कळेल असं काहीतरी करतो. ए४ लेझरला हे उत्तम. पावतीला मात्र पानाची लांबी, मार्जिन, प्रत्येक पावतीनंतर सोडलेला कोरा कागद, सगळं ड्रायव्हरच्या मर्जीवर, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर सेटिंग वेगळं. दुसरा रस्ता म्हणजे रॉ, बाइट जसेच्या तसे प्रिंटरला द्यायचे. पायथॉनमध्ये पायविन३२ ही लायब्ररी घातली की विन३२प्रिंट मिळतं, त्यात ओपन-प्रिंटर, मग स्टार्ट-डॉक-प्रिंटर, तिथं डेटाटाइप म्हणून 'रॉ' द्यायचं, मग राइट-प्रिंटरनं बाइट लिहायचे आणि उघडलं त्याच्या उलट क्रमानं सगळं बंद करायचं. लिनक्सवर कप्स या छपाईच्या यंत्रणेत एलपी कमांडला रॉ ऑप्शन देऊन हेच होतं, आणि प्रिंटर नेटवर्कवर असेल तर बहुतेक वेळा ९१०० नंबरच्या पोर्टला सॉकेट उघडून थेट बाइट लिहिले तरी चालतं.

कुठले बाइट लिहायचे तर ईएससी-पॉस. एप्सननं आणलेली ही कमांडची भाषा आता जवळपास सगळे पावतीचे प्रिंटर बोलतात, अगदी स्वस्तातले पण. हेक्समध्ये (१६ च्या पायावरचे आकडे) १बी ४० पाठवलं की प्रिंटर रीसेट होतो, मग साधा मजकूर, ओळ संपली की ०ए, कटर असेल तर शेवटी १डी ५६ ०० पाठवलं की कागद कापला जातो. इंग्रजीत एवढंच काम आहे, साधारण दोनशे बाइटची पावती, चुटकीसरशी बाहेर.

आता तिथंच मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) पाठवला तर काय होतं बघा. 'दूध' हा शब्द म्हणजे द, दीर्घ ऊकार आणि ध अशी तीन युनिकोड चिन्हं आणि प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे नऊ बाइट. प्रिंटर एकेक बाइट घेतो आणि त्याच्या आतल्या तक्त्यात बघून चिन्ह छापतो, तो तक्ता बहुतेक वेळा जुना डॉसच्या काळातला ४३७ नंबरचा. त्यामुळं 'दूध'च्या जागी कागदावर ग्रीक अल्फा, मग वर लाट असलेला स्पॅनिश एन, मग तिसरंच एक चिन्ह, परत अल्फा, परत एन, अशी नऊ चिन्हांची रांग आली. प्रिंटर खराब नाही, त्याच्याकडं देवनागरी अक्षरंच नाहीत. आणि नुसती अक्षरं टाकून भागणार पण नाही, कारण ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर पण दिसते आधी, जोडाक्षरं वेगळाच आकार घेतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. एक बाइट एक चिन्ह या हिशोबात हे बसतच नाही.

तेव्हा पावतीचं चित्र करायचं आणि चित्र छापायचं, हाच मार्ग. थर्मल हेडवर एका मिलिमीटरला ८ ठिपके असतात (यालाच २०३ डीपीआय म्हणतात), ५८ च्या रोलवर छापायची जागा ४८ एमएम, म्हणजे रुंदी ३८४ ठिपके. ८० एमएमच्या प्रिंटरला ७२ एमएम धरून ५७६. तेवढ्या रुंदीचं कोरं चित्र पिलो या पायथॉनच्या चित्रांच्या लायब्ररीत तयार केलं आणि त्यावर मजकूर लिहिला.

पहिली प्रिंट आली त्यात 'लिटर'चं 'लटिर' झालेलं, आणि 'म्हैस'मधला म पाय मोडून ह च्या शेजारी सुटा उभा. कारण पिलो नुसतं असलं की अक्षरं टाइप केलेल्या क्रमानं एकापुढं एक ठेवतं, ल मग वेलांटी मग ट, आणि ती वेलांटी ट ची वाटते. मराठी नीट जुळवायला त्याला राक्म नावाचं लेआउट इंजिन लागतं, जे आतून हार्फबझ (अक्षरं जोडून योग्य आकार देणारी लायब्ररी) वापरतं. आणि इथं एक गोष्ट मला बरीच शोधल्यावर मिळाली, ती म्हणजे विंडोजवर पिलोसोबत राक्म आलं तरी ते चालू व्हायला फ्रिबिडी नावाची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) वेगळी लागत होती, ती पाथमध्ये, म्हणजे विंडोज अशा फाइली शोधतं त्या फोल्डरांत, ठेवल्याशिवाय पिलो एकही एरर न देता गुपचूप साध्या इंजिनवर जात होतं. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच फीचर-चेक करून राक्म आहे का ते बघा आणि नसेल तर सरळ मेसेज देऊन थांबवा, चुकीची मराठी लोकांच्या हातात जाण्यापेक्षा ते बरं.

फॉन्ट मी नोटो सान्स देवनागरी घेतला, आणि मजकूर लिहिताना भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर' दिला. हे बारीक वाटेल पण द्याच. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलाय, आणि फॉन्टमध्ये मराठीचे हे आकार असले तरी भाषा सांगितल्याशिवाय हिंदीचेच उमटतात. आमच्या सचिव साहेबांनी दोन्ही पावत्या शेजारी ठेवून लगेच बोट ठेवलं, "हा ल आपला." लोकांना हे दिसतं, समजतं, उगाच कुणी दुर्लक्ष करू नये.

मग ठिपक्यांचा प्रश्न. थर्मलला राखाडी रंग माहीत नाही, ठिपका जळतो किंवा जळत नाही. पिलोमध्ये चित्र सरळ काळं-पांढरं करायला सांगितलं की ते डिदरिंग करतं, म्हणजे राखाडीचा भास व्हावा म्हणून ठिपके विखरून टाकतं, फोटोला ते छान पण अक्षरांच्या कडा भुरभुरीत होतात आणि शिरोरेघ मधेच तुटते. त्याऐवजी एक उंबरा ठरवायचा, त्याखालचं सगळं काळं, वरचं पांढरं. साध्या वजनाचा फॉन्ट बारीक आकारात ठेवला तर शिरोरेघ जेमतेम एका ठिपक्याची होते आणि हेड जरा मळलेलं असलं की गायब, म्हणून मी मीडियम वजन घेतलं आणि अक्षराचा आकार २८ ठेवला. चष्मा घरी राहिलेल्या माणसालाही पावती वाचता यावी एवढी मोठी अक्षरं हवीतच. अजून एक, पिलोमध्ये १ म्हणजे पांढरं आणि प्रिंटरला १ म्हणजे काळं, त्यामुळं पाठवायच्या आधी सगळे बिट उलटे करावे लागतात, नाहीतर काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं येतात.

चित्र पाठवायची कमांड १डी ७६ ३० ००, त्याच्यामागं रुंदी आणि उंची. रुंदी बाइटमध्ये, ३८४ भागिले ८ म्हणजे ४८, तीही दोन बाइटमध्ये, आधी ४८ आणि मग ०. उंची ठिपक्यांच्या ओळीत, दोन बाइटमध्ये, लहान बाइट आधी, म्हणजे उंची ४०० असेल तर आधी १४४ आणि मग १, कारण २५६ अधिक १४४. हे दोन आकडे आणि मागचा डेटा तंतोतंत जुळला पाहिजे. एक बाइट कमी पडला तर प्रिंटर पुढच्या मजकुरातला बाइट चित्रात ओढतो, आणि जास्त झाला तर उरलेलं तो मजकूर समजून छापतो. स्वस्त प्रिंटरमध्ये बफर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) लहान असतो, एकदम मोठं चित्र टाकलं की मधले बाइट सांडतात आणि निम्म्या पावतीनंतर कचरा सुरू होतो. त्यावर उपाय म्हणजे चित्राच्या आडव्या पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टीला स्वतःची कमांड आणि स्वतःची उंची. माझ्याकडं त्यानंतर कचरा बंद झाला.

इथपर्यंत टेबलावर सगळं छान चाललं, डेअरीत नेल्यावर मात्र वेळेचा प्रश्न आला. तिथला प्रिंटर जुन्या सिरियल केबलवर होता, ९६०० बॉडच्या वेगावर. ४८ गुणिले ४०० म्हणजे १९,२०० बाइट, आणि ९६०० बॉडवर सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे एका पावतीला २० सेकंद. सकाळी किटल्यांची रांग दारापर्यंत असते, कुणाला शेतावर जायचंय, कुणाला पोरांना शाळेत सोडायचंय, तिथं २० सेकंद म्हणजे फार झाले. प्रिंटरला यूएसबी होतीच, ती वापरली आणि तो प्रश्न तिथंच मिटला. त्याशिवाय पावतीतल्या कोऱ्या ओळी चित्रात न पाठवता त्या जागी १बी ४ए ही कागद सरकवायची कमांड दिली, आणि फॅट-एसएनएफ एका ओळीत शेजारी घेतलं, त्यामुळं कागदही वाचला.

यूएसबीचं एक बघून ठेवा. स्वस्त प्रिंटरमध्ये सिरियल नंबर नसतो, त्यामुळं केबल काढून दुसऱ्या सॉकेटला लावली की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून 'कॉपी १' तयार करतं आणि प्रोग्रॅम जुन्या नावावर पाठवत बसतो. आम्ही त्या सॉकेटजवळ मार्करनं 'पावती' लिहून ठेवलंय.

आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी यावर जरा चर्चा झाली. माझं मत मराठी आकड्यांकडं होतं, पण सचिव म्हणाले मशीनच्या डिस्प्लेवर इंग्रजी आकडा दिसतो, माणूस तो बघतो आणि पावतीवर तोच शोधतो. त्यांचं पटलं. म्हणून शब्द मराठी, आकडे इंग्रजी आणि ठळक. आकडे प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये छापून डेटा वाचवावा असंही मनात होतं, पण चित्र आणि मजकूर अशा पद्धतीनं एका ओळीत शेजारी येत नाहीत, त्यामुळं सगळंच चित्रात घेतलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग आता सांगतो. विंडोजमध्ये राइट-प्रिंटर यशस्वी झालं म्हणजे पावती छापली असं अजिबात नाही, बाइट फक्त स्पूलरकडं, म्हणजे विंडोजच्या छपाईच्या रांगेकडं, गेलेले असतात. लाइट गेली आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, प्रिंटर बंद, तर प्रोग्रॅम पावत्या पाठवत राहतो आणि त्या रांगेत साठतात. लाइट आली की सगळ्या एकामागून एक धडाधड बाहेर पडतात, आणि समोर उभा असलेला माणूस पहिली येईल ती आपली समजून घेऊन जातो. दुसऱ्याची फॅट, दुसऱ्याचे पैसे. अशानं संस्थेवरचा विश्वास जातो, आणि दुधाच्या धंद्यात तो गेला की परत यायला वेळ लागतो.

म्हणून प्रत्येक पावतीच्या आधी विन३२प्रिंटमधल्या एनम-जॉब्सनं रांग तपासतो. आधीचं काही अडकलं असेल तर ते काढून टाकतो, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 'प्रिंटर बघा' येतं आणि ती नोंद 'पावती बाकी' म्हणून वेगळी दिसते. दुधाची नोंद डेटाबेसमध्ये आधीच झालेली असते, तिचा छपाईशी संबंध ठेवलेला नाही. बाकी पावती नंतर खाते नंबर टाकून काढता येते, आणि एकदा निघालेली परत काढली तर तिच्यावर वरच 'दुबार प्रत' छापतो, म्हणजे एकाच दुधाच्या दोन पावत्यांवरून वाद नको. प्रत्येक पावतीवर सभासदाचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं घेतलं तेही याचसाठी. कागद संपलाय का हे प्रिंटरलाच विचारायची कमांड आहे, १० ०४ ०४, पण उत्तर वाचायला परतीचा रस्ता लागतो, सिरियल किंवा नेटवर्कवर ते सोपं आहे, स्पूलरमधून जाताना मला ते भरवशाचं वाटलं नाही म्हणून वापरलं नाही.

सध्या दोन्ही वेळच्या पावत्या मराठीत निघतायत. त्या मावशी आता पावती हातात आली की खिडकीतच थांबून 'फॅट', 'दर', 'रक्कम' मोठ्यानं वाचतात, आणि एकदा दर कमी का लागला म्हणून त्यांनी स्वतः विचारलंही, सचिवांनी दरपत्रक काढून दाखवलं.

राहिलंय ते दहा दिवसांचं बिल, ते अजून इंग्रजीत आहे. त्यात पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्स, रोजच्या दोन अशा वीस नोंदी असं सगळं येतं, ते ५८ च्या कागदावर मावणार नाही. त्यासाठी ए४ लेझर आणि पीडीएफचा विचार चालू आहे, तिथं ड्रायव्हरचाच रस्ता घेणार. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं नीट बसवणारी लायब्ररी कुणी रोजच्या कामात वापरत असेल तर नक्की सांगा.